मेजरांची दुसरी भरती

गावोगावी आहे तशीच रीत जळकोटच्या बाजारपेठेतही आहे. सैन्यातून परतलेल्या माणसाला, त्याचा हुद्दा शिपायाचा असो की हवालदाराचा, सगळे ‘मेजर’ म्हणतात. या हाकेत आदर असतो आणि आपुलकीही. मात्र स्वागताचे हार सुकले की त्याच आदराला एक प्रश्न येऊन चिकटतो : “मेजर, आता पुढे काय?” उत्तर बहुधा विचारणाऱ्याजवळच तयार असते. एखाद्या आडत दुकानाची राखण, उदगीरच्या डाळमिलच्या फाटकावरची नोकरी, बँकेच्या दारातली बंदूक, नाहीतर वडिलोपार्जित चार एकरांतले सोयाबीन आणि तूर. यांतले कोणतेही काम हलके नाही. तरीही सदतीस-अडतीस वर्षांच्या धडधाकट माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल इतक्या झटपट लागावा, हे मनाला पटत नाही.

असा एक मेजर डोळ्यांसमोर आणावा. बारावी होताच अठराव्या वर्षी भरती, एकोणीस वर्षांची सेवा, लडाखच्या थंडीपासून जैसलमेरच्या वाळूपर्यंत बदल्या, आणि सदतिसाव्या वर्षी हातात निवृत्तिवेतनाचा कागद. थोरला मुलगा आठवीत, धाकटी पाचवीत. जळकोटच्या एका आडत दुकानात तो गोदामाच्या किल्ल्या सांभाळतो, काट्यावर लक्ष ठेवतो, रोकड बँकेत पोचवतो. दुकानाचे मालक पिढीजात व्यापारी आणि सचोटीचे. मेजरवर त्यांचा घरच्या माणसाइतका विश्वास. एका संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मेजर जरा घुटमळून म्हणतो, “शेठ, पदवीचा फॉर्म भरावा म्हणतो. आता मोबाईलवरही शिकता येतं.”

शेठजी हसून म्हणतात, “मेजर, पेन्शन चालू आहे, नोकरी आहे. आता पदवी कुणाला दाखवायची? पोराला शिकवा.”

“होय शेठ,” म्हणून मेजर शटरकडे वळतो.

शेठजींच्या बोलण्यात दुष्टावा नाही. व्यापाऱ्याने कोणत्याही गुंतवणुकीविषयी विचारावा असाच प्रश्न त्यांनी विचारला : परतावा काय? मात्र सैनिकाला वरिष्ठांच्या शब्दापुढे ‘होय’ म्हणण्याची सवय असते, आणि त्या एका ‘होय’मध्ये कितीतरी मेजरांचे शिक्षण संपून जाते. म्हणून शेठजींच्या प्रश्नाला हिशेबानेच उत्तर देणे योग्य ठरेल.

आधी परताव्याचे पाहू. दहावी उत्तीर्ण असून किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट ‘क’मधील, पदवीची अट असलेल्या आणि तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या पदांसाठी पात्र मानले जाते. यावरून ‘सैन्याने पदवी दिलीच आहे’ अशी समजूत अनेक घरांत दिसते. वास्तविक ही सवलत नोकरीच्या एका पायरीपुरती आहे. ती विद्यापीठाची पदवी नव्हे. एम.कॉम. किंवा एम.बी.ए.कडे जायचे तर पदवीच लागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते आणि तेथे माजी सैनिकांना वयाची सवलतही असते. म्हणजे वय आडवे येत नसतानाही तीन वर्षांच्या अभ्यासाअभावी दार बंद राहते. आणि नोकरी बदलायची नसली तरी, ज्याला खातेवही, जीएसटी आणि ताळेबंद समजतो असा माणूस गोदामाच्या फाटकावरच का राहावा, हा प्रश्न दुकानाच्याही फायद्याचा आहे.

‘पोराला शिकवा’ हा सल्लाही पुन्हा तपासून पाहावा असा आहे. एकोणीस वर्षांत जो बाप वर्षाला एखाद-दोन महिन्यांच्या रजेपुरताच घरी दिसला, तो आता मुलासमोर बसून ‘अभ्यास कर’ म्हणू लागला, तर मुलाला त्याचा आवाज परेडच्या मैदानावरचा वाटतो. तोच बाप शेजारी स्वतःचे पुस्तक उघडून बसला आणि अडलेले गणित मुलालाच विचारू लागला, तर घराचे वातावरण बदलते. बापाची पदवी हा मुलाच्या शिक्षणावरचा खर्चही असतो.

हा विचार आताच करण्याला आणखी एक कारण आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या मुलामुलींची चार वर्षांसाठी भरती, त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम सेवेची संधी, आणि बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा ‘सेवा निधी’ देऊन निरोप, असे तिचे मूळ स्वरूप. या तरुणांना निवृत्तिवेतन नाही. सेनेतील पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. आजवर गावात परतणारा मेजर चाळिशीच्या आसपासचा, संसारी आणि पेन्शनधारक असे. यापुढे बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा परतेल. हाती मोठी रक्कम, अंगात शिस्त आणि पुढे चाळीस वर्षांचे रिकामे पान. त्या रकमेकडे प्लॉट, जीप आणि भागीदारी घेऊन धावणारे अनेक असतील. सल्ला विचारायला तो ज्या मोजक्या जाणत्यांकडे जाईल, त्यांत बाजारपेठेतले शेठजी नक्कीच असतील. त्यांनी काय सांगावे, याचा विचार त्यांनी आधीच केलेला असावा.

अग्निवीरांसाठी एक सोय सरकारने योजनेबरोबरच जाहीर केली होती. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, यांच्यामार्फत तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी. तिचे निम्मे श्रेयांक सेवेत मिळालेल्या कौशल्य प्रशिक्षणाचे आणि उरलेले निम्मे अभ्यासाचे. दहावीनंतर भरती झालेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची वाटही ठेवली आहे. सैन्यात जे शिकले त्याला शिक्षण म्हणून मोल आहे, हे तत्त्व यातून मान्य झाले.

उशिरा शिकायला बसलेला सैनिक वर्गात मागे पडतो का? या शंकेचे उत्तर जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर घेतले आहे. दुसरे महायुद्ध संपण्याआधीच, १९४४ मध्ये, अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा केला. सुमारे २२ लाख माजी सैनिक त्या आधारे महाविद्यालयांत गेले. वयाने मोठे, संसारी, अभ्यासाची सवय मोडलेले हे विद्यार्थी वर्गाचा दर्जा खाली आणतील, अशी भीती काही नामवंत शिक्षणतज्ज्ञांनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात हेच विद्यार्थी सर्वांत गंभीर ठरले. वेळेची किंमत त्यांना कळली होती.

महाराष्ट्रात ही सोय ज्या संस्थेने खेड्यापाड्यांत नेली, तिच्या नावातच सैन्याचा एक धागा आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ज्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले गेले, त्या यशवंतराव चव्हाणांचे नाव नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे आणि त्याचे एक विभागीय केंद्र नांदेडला आहे. जळकोटला रेल्वे नाही. महाविद्यालयासाठी मुलामुलींना उदगीर, नांदेड किंवा लातूर गाठण्याची सवय आहे. रोज दुकानात हजर राहणाऱ्या माणसाला ते शक्य नसते. त्याच्यासाठी विद्यापीठानेच घरी यावे लागते.

येथे दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्यावा. दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि अधूनमधून संपर्कवर्ग असतात. ऑनलाइन शिक्षणात व्याख्याने, पुस्तके, स्वाध्यायाचे प्रश्न असे सारे इंटरनेटवरून येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून या दोन्ही मार्गांनी मिळवलेली पदवी नेहमीच्या महाविद्यालयीन पदवीच्या बरोबरीची मानली जाते. यांतले काय निवडावे, हे भाषेवर आणि रेंजवर ठरते. अनेक ऑनलाइन पदव्यांची शिकवणी इंग्रजीत असते. मराठीतून विचार करणाऱ्याला मराठी पुस्तके देणारे मुक्त विद्यापीठ अधिक मानवेल. डोंगरकडेच्या वाडी-तांड्यावर जेथे मोबाईलवर व्याख्यान धड दिसत नाही, तेथे छापील पुस्तक हाच खात्रीचा सोबती ठरतो.

व्यापाऱ्याला माल पारखण्याची दृष्टी असते आणि मेजरला तिचीच येथे गरज आहे. ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची काळजी नको’ असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. विद्यापीठांना आपले अभ्यासक्रम फ्रँचायझीवर चालवायला देण्याची परवानगी नाही. संस्था आणि तिचा नेमका अभ्यासक्रम यांना मान्यता आहे का, हे अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रवेशासाठी त्याच विभागाचा ओळख क्रमांक काढावा लागतो आणि शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यातच भरावे. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, कायदा यांसारख्या पदव्या या मार्गाने देताच येत नाहीत; कोणी देऊ केली तर ती खोटी समजावी. प्रवेश साधारणपणे वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि जानेवारीच्या सत्रात होतात. सेवेची कागदपत्रे आणि सवलती यांविषयी लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी केलेली बरी. आणि धान्याचा सौदा वानगी पाहिल्याशिवाय होत नाही, तसे शिक्षणाचेही करावे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर २०१७ पासून अनेक अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात. त्यांतला एखादा पुरा करून पाहिला, तर आपले मन आणि डोळे किती वेळ टिकतात हे शुल्क भरण्याआधीच कळते.

आता मुख्य हिशेब. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची मानली, तर एकूण ३,६०० तास होतात. तीन वर्षांत हे पुरे करायचे तर रोज, सणवार न सोडता, सव्वातीन तासांहून थोडे अधिक. दिवसभर गोदाम आणि रात्री संसार असलेल्या माणसाला हे जड आहे. परंतु इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करण्याची मुभा आहे. सहा वर्षे धरली, तर रोजचा वाटा पावणेदोन तासांच्या आत येतो. अनेकांची पदवी बुद्धी कमी पडल्यामुळे अडत नाही. दिवसातले हे पावणेदोन तास कोठून काढायचे, हे कोणी ठरवून न दिल्यामुळे अडते.

सैनिकाची खरी अडचण येथेच आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. लोक म्हणतात, ‘फौजी माणूस, शिस्तीचा, त्याला काय अवघड?’ सैन्यातली शिस्त मात्र सोबतीची असते. पहाटे बिगुल वाजतो, शंभर माणसे एकदम उठतात, कोणी मागे राहिला तर शेजारचा त्याला ओढून नेतो. ऑनलाइन पदवीला बिगुल नाही. हजेरी घेणारा नाही, शेजारी धावणारा नाही, चुकल्यावर रागावणारा उस्ताद नाही. रात्री नऊ वाजता मोबाईलच्या पडद्यावर एकटाच माणूस एका अनोळखी आवाजाचे व्याख्यान ऐकत बसतो. पहिल्या महिन्यात उत्साह असतो. तिसऱ्या महिन्यात एक धडा कळत नाही, तो कोणाला विचारावा हे सुचत नाही, आणि मग पुस्तक फळीवर जाते.

जैन कुटुंबांना या अडचणीचे नाव ठाऊक आहे, कारण तिचा उपाय परंपरेने फार पूर्वी मांडून ठेवला आहे. स्वाध्याय हा आभ्यंतर तपांपैकी एक मानला जातो आणि त्याची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय म्हणजेच परिवर्तना, आणि धर्मोपदेश. वाचावे, विचारावे, मनन करावे, उजळणी करावी आणि मग दुसऱ्याला समजावून सांगावे. ग्रंथ कोणताही असो, शिकण्याचा क्रम हाच राहतो. मोबाईल यांतली वाचना उत्तम पुरवतो. मनन आणि उजळणी ज्याची त्याने करायची. परंतु विचारायला कोणीतरी समोर लागते, आणि सांगायला कोणीतरी ऐकणारे लागते. पाचांतली ही दोन अंगे सुटली की स्वाध्याय अर्ध्यावर मोडतो. दूरस्थ शिक्षणात मोडतात ती बहुधा हीच दोन.

याच परंपरेत, विचारण्याची लाज न बाळगणाऱ्या एका सेनापतीचे उदाहरण हजार वर्षांपासून उभे आहे. दहाव्या शतकातील गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने लढाया जिंकल्या, तसाच तो आचार्य नेमिचंद्रांपुढे शिष्य म्हणून बसला. त्याच्या जिज्ञासेसाठी आचार्यांनी ‘गोम्मटसार’ रचला, अशी परंपरा आहे. स्वतः चावुंडरायाने ९७८ मध्ये कन्नडमध्ये पुराणग्रंथ लिहिला आणि श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची भव्य मूर्ती घडवून घेतली. ती मूर्ती त्याने करवली, असे सांगणारा तिच्या पायाशी कोरलेला लेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. मराठीच्या पहिल्या अक्षरांत ज्याचे नाव आहे, तो सेनापती विद्यार्थीही होता. आणि त्याच्याजवळ प्रश्न घेऊन जाण्यासाठी गुरू होते. जळकोटच्या मेजराजवळ कोण आहे?

शोधले तर आहे. आडत दुकानातल्या मुनीमजींना जमाखर्च तोंडपाठ असतो. शेठजींचा पुतण्या लातूरला सी.ए.चा अभ्यास करत असतो आणि सुटीत घरी येतो. सून बी.कॉम. झालेली असते आणि तिची पुस्तके माळ्यावर धूळ खात पडलेली असतात. पेठेतले निवृत्त शिक्षक संध्याकाळी ओट्यावर बसलेले असतात. यांतल्या कोणाकडूनही पैशाची मागणी नाही. आठवड्यातून एकदा ‘मेजर, कुठवर आलं?’ एवढे विचारणारे माणूस हवे. दुकानाने रोजचे पावणेदोन तास नेमून दिले, वर्दळ संपल्यावर एक टेबल, एक दिवा आणि दुकानाचे वाय-फाय दिले, परीक्षेच्या दिवसांत भरपगारी रजा दिली, तर शुल्काहून मोठा वाटा उचलल्यासारखे होईल.

दुसऱ्याच्या शिक्षणाची जबाबदारी घेणे या समाजाला नवीन नाही, आणि लातूर जिल्ह्याने ते पाहिलेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्या मुलांची जात वा धर्म कोणी विचारला नाही. त्या वेळी लागला तेवढा पैसा आणि तेवढे मनुष्यबळ आज कोणी मागत नाही. एका पेठेने आपल्या एका मेजराला रोजचे दोन तास आणि आठवड्याचा एक प्रश्न द्यावा, एवढेच मागणे आहे.

असे घडले तर जळकोटच्या त्या आडत दुकानातले चित्र थोडे निराळे दिसेल. दिवाळीला नवी वही पूजेत ठेवताना शेठजी मेजराच्या हाती एक कोरी वही देतील आणि म्हणतील, “जानेवारीच्या सत्रात फॉर्म भरा. त्या दिवशी मी घाईत बोललो.” मग रोज साडेसातला शटर अर्धे खाली येईल, पण आतला दिवा जळत राहील. पोत्यांच्या थप्पीशेजारच्या टेबलावर मेजर बसलेला असेल, समोर मोबाईल, बाजूला वही. निघता निघता शेठजी थांबतील, चष्मा वर सरकवतील आणि विचारतील, “मेजर, काट्यावर यंदा घसारा किती धरायचा, सांगा बघू.”

मेजर जागेवरच ताठ उभा राहील. उत्तर आले तर देईल. नाही आले तर पहिल्यांदाच ‘होय शेठ’ म्हणण्याऐवजी “उद्या सांगतो, शेठ,” असे म्हणेल, आणि पुन्हा पुस्तक उघडेल.